परसातला काढा: काय उकळायचं, काय झाकायचं

प्रश्न: सर्दी झाली की तुळस, गवती चहा, आलं, मिरी सगळं एकत्र दहा मिनिटं उकळते. काढा कडू होतो, वासही उरत नाही. कुठे चुकतं?

सगळं एकाच वेळी पातेल्यात पडतं, तिथेच. आलं, मिरी, ज्येष्ठमध ही टणक मंडळी. त्यांचा अर्क उतरायला उकळीच लागते. तुळस, गवती चहा, पुदिना यांचा गुण मात्र उडून जाणाऱ्या तेलात असतो. उघड्या पातेल्यात ती पानं खळखळली की घरभर दरवळ सुटतो. छान वाटतं, पण कपात यायचं ते हवेत गेलेलं असतं. मागे उरतो पानांचा तुरट कडवटपणा. आयुर्वेदाने म्हणूनच काढा आणि फांट वेगळे ठेवले: काढा आटवायचा, फांट गरम पाण्यात मुरवायचा.

दोघांसाठी तीन कप पाणी घ्या. त्यात इंचभर आलं ठेचून आणि चार-पाच मिरी भरड करून घाला. मंद आचेवर दोन कप उरेपर्यंत आटवा. गॅस बंद करा. मग तुळशीची सात-आठ पानं हाताने चुरडून आणि गवती चहाची दोन पाती कात्रीने कापून टाका. घट्ट बसणारं झाकण ठेवा, सात मिनिटं थांबा. झाकण उचललं की आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील. एक थेंब बोटावर घेऊन हुंगा, तेल कुठे गेलं होतं ते कळेल. ते थेंब पातेल्यातच निथळू द्या.

गूळ गाळल्यानंतर घाला. दूध हवंच असेल तर ते वेगळं तापवून शेवटी मिसळा, नाहीतर आलं आणि गूळ मिळून ते फाडतात. ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतं, त्यामुळे बीपीच्या माणसाच्या कपात नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रोजच्या काढ्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न: खोकल्यासाठी अडुळशाची पानं मिक्सरमधून काढली. रस निघतच नाही, नुसता लगदा. पाणी घालावं का?

पाणी घालू नका, पानं वाफवा. अडुळशाचं पान चिवट आणि कमी पाण्याचं असतं. कच्चं वाटलं तर चोथाच हाती येतो. जुन्या पद्धतीत पानांचा गोळा गुंडाळून निखाऱ्यात भाजत आणि मग पिळत, तेही याचसाठी.

फार कोवळी नाहीत, फार जूनही नाहीत अशी दहा-बारा पानं धुऊन मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा. ती मऊ पडून काळपट हिरवी झाली की खलबत्त्यात ठेचा आणि मलमलच्या फडक्यातून पिळा. जेमतेम दोन छोटे चमचे रस निघेल, तेवढाच हवा. मोठ्या माणसाने एकेक चमचा तितक्याच मधातून दिवसातून दोनदा घ्यावा, तीन-चार दिवस. रस रोज ताजा करा.

अडुळशातलं व्हॅसिसिन कफ पातळ करतं. ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध त्यावरूनच घडवलेलं आहे. पण तेच व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला किंवा बेडक्यात रक्त दिसलं, तर अडुळसा बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करा.

प्रश्न: मुतखड्यावर पाथरचूरचं पान रोज उपाशीपोटी खायला सांगितलंय. आमच्या कुंडीतलं तेच आहे का?

आधी पान चोळून वास घ्या. ओव्याचा वास आला, पानावर मऊ लव असली, तर तो पानओवा: भजीला उत्तम, खड्याशी संबंध नाही. पान गुळगुळीत, मांसल, बिनवासाचं असेल आणि कडेच्या खाचांतून इवली रोपं फुटत असतील, तर ती पानफुटी. पाथरचूर, पत्थरचट्टा ही नावं दोन्हींना लागतात, घोळ तिथून सुरू होतो.

पानफुटी रोज खाऊ नका. तिच्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात ती चरून गुरं दगावली आहेत. हृदयविकाराची डिगॉक्सिनसारखी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे भरपूर पाण्याने आपोआप पडतात, श्रेय पानाला मिळतं एवढंच. ताप आला किंवा लघवी अडली, तर तडक दवाखाना.

प्रश्न: गुळवेलीची पानं रोज चावून खाल्ली तर चालतील?

औषधात मुख्यतः खोड वापरतात, पान नव्हे. वेलही पारखून घ्या: खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते, सगळ्या खोडावर दाट गाठी-पुळ्या असतील तर ती तिची भावंड जात. मुंबईत 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. वेल नेमकी कोणती होती यावर तेव्हा वादही झाला. महिनोन्‌महिने, सल्ल्याशिवाय घेऊ नका. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर लगेच बंद.

प्रश्न: कोरफड लावली की खाज सुटते.

पिवळा चीक राहून जातो. पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून वाटीत पंधरा मिनिटं उभं ठेवा, चीक गळू द्या. मग साल काढून गर दोन पाण्यांनी धुवा. भाजल्यावर आधी वीस मिनिटं नळाचं पाणी. फोड आले नसतील तरच त्यानंतर गर. उरलेला गर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, गुलाबीसर झाला की फेकून द्या.