फोनमध्ये बीटा (सिस्टीमचं चाचणीचं व्हर्जन) टाकलाय, डेटा न घालवता परत स्टेबलवर (सगळ्यांसाठीच्या पक्क्या व्हर्जनवर) येता येईल का?

येता येतं, पण लगेच हवं असेल तर फोन पूर्ण पुसला जाणार हे धरूनच चला. गूगलचा पिक्सेल फोन असेल तर बीटा प्रोग्रॅममधून बाहेर पडलात की थोड्या वेळात एक अपडेट येतं, ते नेहमीचं समजून इन्स्टॉल करू नका, तेच डाऊनग्रेड, म्हणजे जुन्या व्हर्जनवर नेणारं असतं आणि ते टाकलं की फोटो चॅट सगळं साफ. डेटा हवाय तर त्याला हातच लावू नका, पुढचं स्टेबल व्हर्जन येईपर्यंत थांबा, ते आलं की काही न पुसता आपोआप बाहेर पडता.

आयफोनचं असं की सेटिंग्जमध्ये जनरल, मग सॉफ्टवेअर अपडेट, तिथे बीटा अपडेट्स ऑफ करून थांबायचं. घाई असेल तर कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरी मोडमधून रिस्टोअर, म्हणजे फोन पुसून सिस्टीम नव्याने टाकायची, पण बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर चढत नाही, बीटाच्या आधीचाच लागतो, आणि इथेच बरेच जण अडकतात हो.

माझं मत विचाराल तर फोन वापरण्याजोगा असेल तर थांबाच. पुसायचंच ठरवलं तर आधी फोटो कॉम्प्युटरवर घ्या आणि ते उघडतायत ना ते स्वतः बघा, बँकेची ॲप्स आणि ओटीपीवाली ऑथेंटिकेटर ॲप तर नक्की तपासा.