अप्पांची वही आणि तुझं पहिलं मेडन

प्रिय भाचीबाई,

तुझा फोन आला तेव्हा इथे रात्रीचा दीड वाजला होता. तुमच्याकडे जर्मनीत दहा, म्हणजे तुझ्या दृष्टीने संध्याकाळच. मी दचकून उठलो, तुझी मामी उठली, आणि पलीकडून तू ओरडलीस, ‘मामा, मेडनचं तिकीट मिळालं!’ मामी कूस बदलून परत झोपली. मी मात्र पहाटेपर्यंत जागाच होतो.

तू विचारलंस, एवढी वर्षं यांच्या मागे आहेस, तर काय काय करायचं ते सांग. फोनवर अर्धंसुद्धा सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड मी धरला तो त्यांच्या पडत्या काळात. स्टीव्ह हॅरिसने १९७५च्या नाताळात हा बँड उभा केला, ऐंशीच्या दशकात त्यांनी जग डोक्यावर घेतलं, आणि मी डोंबिवलीहून लोकल धरून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये पोचलो तोवर गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेलेला होता. मधली काही वर्षं ब्लेझ बेली गायला. त्याला अजूनही लोक नावं ठेवतात. मला तो आवडायचा. मी ऐकलेला मेडनचा पहिला आवाज त्याचाच, त्यामुळे माझ्या मताला फार किंमत देऊ नकोस.

बातमी तेव्हा आमच्यापर्यंत पायी चालत यायची. अलाहाबादला १९९३मध्ये सुरू झालेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ कुणाच्या तरी हाती लागायचं, मग ते आठ-दहा घरं फिरून कुत्र्याच्या कानांसारखी पानं दुमडलेल्या अवस्थेत माझ्याकडे यायचं. १९९९मध्ये ब्रूस आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ परतले, ही बातमी मला कळली तेव्हा ती शिळी होऊन बुरशी आलेली होती. तरी मी दोन दिवस हवेत होतो.

तुझं उलटं आहे. तुझ्याकडे बातमी तासागणिक येते, आणि त्यातली निम्मी अफवा असते. ‘हा शेवटचा दौरा’, ‘अमुक आजारी’, ‘भारतात येणार’. ऐक, बँडने स्वतः जाहीर केलं नाही तोवर ती बातमी नाही, असं धरून चाल. मी हे पैसे घालवून शिकलोय. जाहीर न झालेल्या कार्यक्रमासाठी एकदा हॉटेल आरक्षित करून बसलो होतो. आणि जी बातमी खरी असते ती कित्येकदा आपल्याला उशिराच कळते. ड्रमर निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३मध्ये पक्षाघाताचा झटका आला, खांद्यापासून खाली उजवी बाजू लुळी पडली. तीन-चार महिन्यांत माणूस पुन्हा दौऱ्यावर, अख्खा उन्हाळा युरोपभर वाजवत होता. हे त्याने लोकांना सांगितलं ऑगस्टमध्ये. तोवर त्याच्यासमोर उभे असलेल्या हजारो लोकांना पत्ता नव्हता. त्यातल्या किती जणांना नुसत्या कानांनी काही वेगळं जाणवलं असेल, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण तुला सांगण्यासारखं माझ्याकडे खरं तर तेवढंच आहे.

१७ मार्च २००७. मेडन पहिल्यांदा भारतात आले ते बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. आम्ही चौघं कल्याणहून उद्यान एक्सप्रेसने गेलो. चोवीस तासांचा प्रवास, चौघांचे तेच काळे टीशर्ट, समोरच्या बाकावर सोलापूरला निघालेल्या एक काकू. टीशर्टवरचा एडी, म्हणजे मेडनचं ते सांगाड्याचं भूत, बघून त्यांनी विचारलं, ‘तुमच्यात कुणी गेलंय का रे?’ मग त्यांनीच आम्हाला धपाटे वाढले.

मेडनचा नवा अल्बम आदल्या ऑगस्टमध्ये आला होता. २००६च्या शरदातल्या कार्यक्रमांत त्यांनी तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने वाजवला होता, आणि जुन्या गाण्यांसाठी आलेले लोक वैतागले होते. आमच्यापर्यंत पोचेतो यादीत जुनी गाणी वाढली होती, तरी नवीही बऱ्यापैकी होती. मी काय केलं असेल? त्यातलं एक लांबलचक नवं गाणं सुरू झालं आणि मी पाणी प्यायला गेलो. रांगेत उभा राहून मित्राला म्हणालो, ‘बरं झालं, आता काही महत्त्वाचं नाही.’

घरी आलो. अप्पा आरामखुर्चीत होते. तुझे आजोबा दर डिसेंबरला डोंबिवलीहून पुण्याला सवाई गंधर्वला जायचे, रमणबागेत भारतीय बैठकीवर रात्र काढायचे, आणि एका लांब वहीत लिहून ठेवायचे: कोण गायलं, कुठला राग, किती वाजता सुरू केला, साथीला कोण, आणि पुढे एखादी ओळ. ‘आज निषाद जरा लांब ठेवला’ असलं काहीतरी. माझं संगीत म्हणजे त्यांच्या मते पत्र्यावर पडणारा पाऊस. पण त्यांनी ‘कसं झालं?’ असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘नवीन काय ऐकवलं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाण्याच्या रांगेत होतो.

तो अल्बम मी नंतर नीट ऐकला. आज मेडनच्या माझ्या पहिल्या तीन अल्बमांत तो आहे. आणि ते लांब गाणं पुन्हा समोर ऐकायला मिळालं नाही. पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ला, ते मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात आले तेव्हा दौराच जुन्या गाण्यांचा होता. तो दौरा मुंबईतूनच सुरू झाला. ब्रूस स्वतः वैमानिक. त्यांचं बोइंग ७५७ तो स्वतः चालवत आला होता, पोटात बारा टन सामान. त्या ४५ दिवसांत त्यांनी २३ कार्यक्रम केले आणि त्याचा ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट निघाला. त्याच्या डिस्कवरचं मैफलीचं पहिलंच गाणं मुंबईतलं आहे. मी ते थांबवून थांबवून किती वेळा पाहिलंय विचारू नकोस. सतरा वर्षं स्वतःचं डोकं शोधतोय. एका ठिकाणी एक हात दिसतो, तो माझा असावा.

आता तुझ्या दौऱ्याचं. बँडच्या पन्नाशीचा दौरा आहे, आणि गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बमांतली, १९८० ते १९९२. म्हणजे नवीन गाणं एकही नाही. मग अप्पांच्या प्रश्नाचं काय करायचं? मला वाटतं, या वेळी उत्तर ड्रमवर बसलेलं आहे. निकोने ७ डिसेंबर २०२४ला साओ पाउलोत शेवटचा कार्यक्रम वाजवून दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. त्याच्या जागी सायमन डॉसन आला; स्टीव्ह हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमध्ये तो आधीपासून वाजवतोय. मेडनची ती घोडदौड तुला माहीतच आहे, एक लांब नि दोन आखूड, हॅरिस बेसवर बोटांनी तीच चाल धरतो. निको त्याखाली बहुतेक सगळं एकाच पेडलवर, एका पायाने वाजवायचा. चाळीस वर्षं तो पाय त्या घोड्याखाली होता. आता पाय बदललाय. घोडा तोच चालतो का? लोकांनी फोनवर टिपलेल्या चिरक्या रेकॉर्डिंगांवरून मला काही कळत नाही. तुला समोर उभं राहून कळेल. तेच गाणं, तीच यादी, पण तबलजी बदलला की अप्पा वहीत अर्धं पान जास्त लिहायचे.

म्हणून जायच्या आधी आठवडाभर त्याच गाण्यांची जुनी लाइव्ह रेकॉर्डिंगं ऐक. या दौऱ्यात काय वाजवतायत ती यादी बघायची की नाही, हे तुझं तू ठरव. मी बघत नाही. माझा एक मित्र पाठ करून जातो आणि माझ्याइतकाच खूश होऊन येतो, तेव्हा त्यावर माझ्याकडे काही नियम नाही.

कानांबद्दल मात्र नियम आहे आणि तो मोडायचा नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या मापाप्रमाणे ८५ डेसिबेल आवाज आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबेलला उरतात पंधरा मिनिटं. असा कार्यक्रम शंभराच्या वर सहज जातो आणि दोन तास चालतो. बंगळूरनंतर माझ्या कानात तीन दिवस शिट्टी वाजत होती आणि मला त्याचा अभिमान होता. आता माझ्या डाव्या कानात ती कायमची आहे, रात्री पंखा बंद केला की ऐकू येते. इयरप्लग घे. फोमचे असतील तर बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत धरून ठेव. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवलेस तर उपयोग नाही.

बाकी तुझी आई सांगेलच: खाऊन जा, पायात बंद बूट, परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेव.

फोन खिशात. हे मी सांगत नाही, बँडचा व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड यानेच या दौऱ्याआधी लोकांना विनंती केली की फोन शक्य तेवढा आत ठेवा. एखादा फोटो काढ, घरी दाखवायला. पण माझ्यासाठी व्हिडिओ काढत बसू नकोस. ते काम करणारे तिथे हजार जण असतील.

रेलिंगला चिकटायचं असेल तर दुपारपासून उभं राहावं लागतं, आणि तुझ्या उंचीला पुढे दोन तास दाब सहन होणार नाही. मध्ये, आवाजाच्या टेबलाजवळ उभी राहा. तिथे सगळं नीट ऐकू येतं. मेडनची एक खूण लक्षात ठेव: मंचावर येण्याआधी यूएफओ या जुन्या इंग्लिश बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ भोंग्यावर लागतं. ते वाजलं की जुने लोक हातातलं सगळं टाकून पुढे सरकतात. तू तेव्हा शौचालयाच्या रांगेत असू नयेस, एवढंच. आणि शेवटी माँटी पायथन या इंग्लिश विनोदी मंडळींचं ते शीळ घालायचं गाणं लागेल. ते लागलं म्हणजे खेळ संपला, आता कुणी परत येत नाही. पण लगेच पळू नकोस. चाळीस-पन्नास हजार माणसं सैलावून एकत्र शीळ घालत निघतात, तेही ऐकण्यासारखं असतं.

आणि समजा रद्द झालं तर? होतं तसं. २८ ऑक्टोबर २०११ला मेटॅलिका गुरगावला वाजवणार होते, पुढचा कठडा तुटल्यामुळे सुरक्षिततेचं कारण देऊन ते थांबवलं गेलं, आणि लोकांनी मंच फोडला. दोन दिवसांनी तोच बँड बंगळूरला व्यवस्थित वाजवून गेला. तसं काही घडलं तर तू आणि तुझी मैत्रीण निमूट बाहेर पडा, कुठेतरी बसून गरम काहीतरी खा आणि मला फोन करा. दीड वाजलेला असला तरी चालेल.

अप्पांची वही आता माझ्याकडे आहे. शेवटची पंधरा-वीस पानं कोरी होती, त्यांत मी २००८पासून माझं लिहितो. सवाईच्या खाली थेट मेडन. अप्पा असते तर पट्टीने रेघ मारून मला वेगळा रकाना पाडून दिला असता. तुझ्यासाठी एक पान राखून ठेवलंय. परत आलीस की झोपायच्या आधी, कान बधिर असतानाच, चार ओळी लिही आणि फोटो पाठव. मी माझ्या अक्षरात उतरवून घेतो. ड्रमबद्दल निदान दोन ओळी हव्यात. ‘भारी होतं’ ही ओळ धरली जाणार नाही.

तुझा,
मामा

ता. क. तिकडे पेयाच्या पेल्यासाठी वर एक-दोन युरो अनामत घेतात, पेला परत केला की मिळते. शेवटी जमिनीवर पडलेले पेले गोळा करणारी शहाणी मुलं असतात. तुझ्या आईला सांगू नकोस मी सुचवलं, पण जेवणाचे पैसे सुटतात.