मानवी हक्क आयोगाला लिहिलं तर मुकादमाने अडकवलेले मजूर सुटतात का?

प्रश्न नंदुरबारकडच्या एका भाऊंचा आहे. त्यांच्या पाड्यावरचं एक जोडपं ऊसतोडीला गुजरातेत गेलं. उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) फिटली नाही म्हणून मुकादम त्यांना सोडत नाही. ठाण्यात गेलं तर 'हा पैशांचा व्यवहार आहे, कोर्टात जा' म्हणतात. मग राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला लिहून काही होतं का, की दिल्लीला गेलेला कागद दिल्लीतच राहतो?

भाऊ, ते दोघं अजून तिकडेच असतील तर आयोगाचा नंबर दुसरा. पहिला कागद जिल्हाधिकाऱ्याला. ज्या जिल्ह्यात अडकलेत तिथल्याला आणि त्याच दिवशी आपल्याकडच्यालाही, ईमेलने, आणि मागोमाग फोन. वेठबिगारीविरुद्धच्या १९७६ च्या कायद्यात माणसं सोडवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आणि तो नेमेल त्या अधिकाऱ्यावर आहे. कोणाला डांबून ठेवलं असेल तर प्रांताधिकारीसुद्धा झडतीचं वॉरंट काढू शकतो. आणि उचलीचं म्हणाल, तर हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं त्याच कायद्याने पैसे देणाऱ्यावर टाकलंय. मुकादम वही दाखवतो आणि आपली माणसं मान खाली घालतात. वहीत अंगठा आहे म्हणून माणूस गहाण पडत नाही. 'पैशांचा व्यवहार' म्हणून ठाण्याने हात झटकायचे नाहीत, ते एवढ्यासाठीच.

आता आयोगाचं. मी धुळ्यात कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देतो. वडील टाइपरायटर घेऊन बसायचे, मी लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसतो. गिऱ्हाईक तेच आहे. आयोगाला उद्देशून बरेच अर्ज माझ्या हातून गेलेत, आणि पहिले काही वाया गेले ते माझ्याच चुकीने.

एक प्रसंग सांगतो. शिरपूरकडची एक म्हातारी आली होती. मुलगा आणि सून कोयत्यावर गेलेले. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे शहरातल्या वाचकांसाठी.) आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली तरी परत आले नव्हते. आपल्याकडे आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, तोडीवर गेलेलेही तोवर घरी पोचतात, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी चार पानं लिहिली. मुकादमाने शिव्या कशा दिल्या, पट्टीत किती कापले, सून आजारी असताना फडात कशी नेली. लिहिताना माझंच डोकं तापलं होतं. काही आठवड्यांनी तक्रार पहिल्याच टप्प्यावर निकाली निघाल्याचं कळलं. म्हातारी म्हणाली, "कागद दिल्लीले गया, पन आमना पोऱ्या कोठे शे?" मला काही बोलता आलं नाही.

चूक नंतर लक्षात आली. मुकादम खासगी माणूस. आयोग बघतो ते दोन गोष्टी: सरकारी माणसाने हक्क तुडवला का, किंवा दुसरा कोणी तुडवत असताना तो थांबवण्यात सरकारी माणसाने हलगर्जी केली का. माझ्या चार पानांत मुकादम होता, सरकार कुठेच नव्हतं. म्हातारी तीन वेळा ठाण्यात गेली होती आणि तीनही वेळा तिला बाकावर बसवून परत पाठवलं होतं. हे मी शेवटच्या पानावर एका ओळीत लिहिलं होतं, तेही तारखांशिवाय.

दुसऱ्यांदा एकच पान लिहिलं. अमुक तारखेला ठाण्यात गेले, अर्ज घेतला नाही. अमुक तारखेला परत गेले, 'कोर्टात जा' म्हणाले. अमुक तारखेला तहसीलला अर्ज दिला, ही पोच. मुकादमाला फक्त तीन ओळी. या वेळी अहवाल मागवला गेला. एक दिवस पाड्यावर जीप आली आणि जबाब घेतले. त्याआधीच पोरगा आणि सून रात्रीचे चालत निघून सुटले होते, तेव्हा आयोगाने सोडवलं असं मी म्हणणार नाही. पण मुकादमाची माणसं वसुलीला यायची ती थांबली. वेठबिगार म्हणून मुक्ततेचा दाखला मात्र अजून मिळालेला नाही, आणि सरकारी पुनर्वसनाचे पैसे त्या दाखल्यावर अडतात. हेही तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आयोग शिक्षा करू शकत नाही. मानवी हक्क संरक्षणाच्या १९९३ च्या कायद्याने त्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार दिलेत, पण चौकशीच्या शेवटी तो करतो ती शिफारस. भरपाई द्या, खटला भरा, एवढंच. त्यावर काय केलं ते सरकारने महिनाभरात किंवा आयोग देईल त्या मुदतीत कळवायचं. आयोगाचेच एक अध्यक्ष एच. एल. दत्तू यांनी त्याला दात नसलेला वाघ म्हटलं होतं. तरी मी लोकांना लिहायला सांगतो, कारण तोंडी 'बघतो' म्हणणाऱ्या साहेबाला तिथे सहीनिशी लिहून द्यावं लागतं. त्यात वेठबिगारीचं तर सुप्रीम कोर्टानेच १९९७ मध्ये या आयोगाकडे सोपवलंय: १९७६ चा कायदा राज्यं पाळतात का यावर लक्ष ठेवा म्हणून. अर्जात हे एक वाक्य जरूर घाला.

दिल्लीहून कोणी बघायला येईल ही आशा धरू नका. चौकशीला माणूस येणं म्हटलं की मला चाळीसगाव आठवतं. १९२९ ची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला समिती नेमली होती. डॉ. आंबेडकर तिचे सभासद, आणि त्यांच्या व एका सहकाऱ्याच्या वाट्याला खानदेशचे दोन जिल्हे. काम संपवून मुंबईला जाताना एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यापर्यंत न्यायला टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड काय, तर टांगा देतो पण हाकणार नाही. सवय नसलेल्या माणसाने हाकला, नदीवरच्या मोरीवर चाक कडेच्या दगडावर आपटलं, घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बहिष्कार तपासायला आलेल्या बॅरिस्टरलाच टांगेवाला मिळाला नाही.

आज आयोगाकडे स्वतःचं तपास पथक आहे, पण बहुतेक तक्रारींत जिल्ह्याकडूनच अहवाल मागवला जातो. म्हणजे तुमचा कागद फिरून त्याच ठाण्यात येतो. याची तयारी ठेवा. जबाबाला एकटं जाऊ नका आणि वाचून दाखवल्याशिवाय सही देऊ नका. कधी कधी आयोग 'योग्य ती कारवाई करा, तक्रारदाराला सोबत घ्या' असं वरिष्ठांना कळवून फाईल बंद करतो. लोक ते पत्र बघून हिरमुसतात आणि कपाटात ठेवून देतात. अहो, तेच पत्र हातात घेऊन एसपी ऑफिसात जायचं असतं!

अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत चालतो. घटनेला वर्ष व्हायच्या आत गेला पाहिजे. अर्ज आयोगालाच उद्देशून हवा. राष्ट्रपतींपासून सरपंचापर्यंत बारा जणांना प्रती काढून त्यात आठव्या ओळीत आयोगाचं नाव घालायची आपल्याकडे हौस आहे, तिचा उपयोग शून्य. तेच प्रकरण मुंबईच्या राज्य आयोगापुढे आधी चालू असेल तर दिल्लीवाले हात घालत नाहीत, म्हणून दोन्हीकडे एकदम टाकू नका. तुमचं काम दोन राज्यांतलं आहे, मी दिल्लीच धरीन. ऑनलाइन टाकलंत तर डायरी नंबर मिळतो, त्यावर फाईल कुठे आहे ते दिसतं.

जोडपं आदिवासी आहे म्हणून अनुसूचित जमाती आयोगाचा रस्ताही आहे, आणि वेठबिगारी करवून घेणं हा ॲट्रॉसिटी कायद्यातही गुन्हा आहे. पण आधी मुकादम कोण ते बघा. आपल्या भागात तो पुष्कळदा पाड्यावरचाच, आपल्याच जमातीचा असतो. मग ते कलम लागत नाही, आणि चुकीचं कलम मागितलं की बाकीचा खरा अर्जही लोक खोटा धरतात.

मजकूर मी लिहून देईन, पैसे नकोत. मात्र त्या दोघांची नावं, नंबर इथे जाहीर लिहू नका, मेसेज करा. फडाचं गाव, कारखान्याची स्लिप असेल तर तिचा फोटो, शेवटचा फोन कधी आला ते पाठवा. आणि ठाण्यात कोणकोणत्या तारखेला गेला होतात, ते आज रात्रीच वहीत उतरवा.