शेतमालाच्या पिकअपला फोर व्हील ड्राइव्ह हवाच का?

शेत ते डांबरी सडक हा काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात चिखलाचा होतो, एवढ्याच कारणासाठी आपण विचारत असाल, तर फोर व्हील ड्राइव्हची, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या सोयीची, गरज नाही. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते आणि मालाचे वजनही बरेचसे त्याच चाकांवर येते. त्यामुळे भरलेली गाडी सहसा निघून जाते आणि फसते ती बाजारातून परतणारी रिकामी गाडी. हौद्यात मागच्या आसावर वाळूची काही पोती नीट बांधून ठेवणे आणि खोल नक्षीचे टायर बसवणे, हा उपाय कितीतरी स्वस्त पडतो. शिवाय काळी माती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत झाला की दोनाऐवजी चारही चाके जागच्या जागी फिरतात, आणि ब्रेक लावताना तर या सोयीचा काहीच उपयोग नसतो. पुढची चाके लिव्हरने जोडायची साधी पद्धत असेल, तर ती कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये, असे गाडीच्या माहितीपुस्तिकेतच दिलेले असते. कारण वळताना पुढची चाके जास्त अंतर कापतात, मागच्या-पुढच्या आसांना मात्र एकाच वेगाने फिरावे लागते आणि तो ताण गिअरवर येतो. मात्र भरल्या गाडीने सुट्या मुरमाचा उभा चढ नेहमी चढावा लागत असेल किंवा ओढ्याच्या पात्रातून वाट असेल, तर फोर व्हील ड्राइव्ह अवश्य घ्यावा, तोही लो रेंज गिअर (गाडी हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअर) असलेलाच.