वाचक विचारतात : घरासाठी कॉफीचा ग्राइंडर कोणता घ्यावा?

प्रश्न : घरात आम्ही दोघेच असतो आणि रोज सकाळी फिल्टरची कॉफी घेतो. मुलगी सुट्टीला आली की ती फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीच्या दट्ट्याने कॉफी गाळायच्या भांड्यात) स्वतःची कॉफी करते. आजवर आम्ही कॅम्पातल्या एका दुकानातून चिकोरी घातलेली पूड दळून आणत असू. अलीकडे नात्यातल्या एकांनी चिकमगळूरहून भाजलेल्या बिया आणून दिल्या. त्या मिक्सरमध्ये दळल्यावर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, कधी तासभर खाली उतरत नाही, तर कधी पाच मिनिटांत पातळ पाणी उतरते. ग्राइंडर घ्यायचा झाल्यास तो हाताचा घ्यावा की विजेचा? सहा-सात हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. पत्नीची मनगटे दुखतात, हेही कळवतो.
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपल्या तक्रारीचे मूळ बियांमध्ये नसून मिक्सरच्या पात्यात आहे. पाते बी दळत नाही, आपटून फोडते. त्यामुळे एकाच भांड्यात अगदी बारीक पीठही तयार होते आणि अर्धवट फुटलेले तुकडेही शिल्लक राहतात. बारीक पिठातला अर्क लवकर उतरून कडवटपणा येतो, मोठ्या तुकड्यांतला पुरता उतरतच नाही, आणि फिल्टरच्या तळाशी साचलेले पीठ छिद्रे बुजवते. मिक्सर किती वेळ फिरवला यावर यातले प्रमाण रोज बदलते, म्हणून डिकॉक्शनचा वेगही रोज बदलतो. शिवाय ज्या भांड्यात काल गोडा मसाला वाटला, त्यात आज कॉफी दळली तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ग्राइंडर घ्यायचाच असेल तर तो बर ग्राइंडर असावा, म्हणजे ज्यात दोन दातेरी चकत्या, किंवा एक दातेरी शंकू आणि त्याभोवतीचे कडे असते, आणि त्या दोहोंमधले अंतर कमीजास्त करता येते. कण त्या फटीतून जाण्याइतका लहान झाल्याखेरीज खाली पडत नाही, आणि दळण बऱ्याच अंशी एकसारखे येते ते यामुळेच. तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन ‘कॉफी ग्राइंडर’ या नावाने जी स्वस्त विजेची यंत्रे मिळतात, त्यांतली बरीचशी म्हणजे लहान आकाराचे मिक्सरच असतात. झाकण उघडून आत पाते दिसले तर ते यंत्र परत ठेवावे.

मात्र त्याआधी एक स्पष्ट मत नोंदवतो. आपल्याला चिकोरीची, भरपूर दुधाची कॉफीच आवडत असेल आणि ती सवय बदलायची नसेल, तर ग्राइंडरवर सात हजार घालवण्यापेक्षा दुकानातून दर आठवड्याला थोडी थोडी पूड दळून आणणे अधिक शहाणपणाचे आहे. दळल्यानंतर कॉफीचा सुगंध झपाट्याने उडतो, आणि घरी दळण्याचा सगळा फायदा त्या सुगंधात आहे. चिकोरी आणि दूध त्याला बरेचसे झाकून टाकतात. बियांची कॉफी घेऊन थोडी चिकोरी हवीच असेल, तर ती पूड स्वरूपात वेगळी आणून दळणात मागाहून मिसळावी. चिकोरी म्हणजे भाजलेले मूळ असते. ती हवेतला ओलावा पटकन ओढून चिकट होते, त्यामुळे ती ग्राइंडरमध्ये घालू नये. बाजारातल्या तयार मिश्रणात आपल्याकडच्या नियमानुसार किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. पाकिटावर प्रमाण छापलेले असते, ते पाहून आपल्याला सवय असलेल्या चवीचा अंदाज येईल.

आता हाताचा की विजेचा. दोन माणसांच्या फिल्टरला साधारण २० ग्रॅम पूड लागते आणि हाताच्या ग्राइंडरमध्ये एका वेळी सहसा तेवढ्याच बिया मावतात. आपल्या रकमेत हाताचाच ग्राइंडर घ्यावा असे मी सुचवीन, कारण या किमतीत पैसा दात्यांच्या आणि दांड्याच्या अचूकपणावर खर्च होतो; विजेच्या यंत्रात त्याच पैशातला बराच वाटा मोटर आणि बाहेरच्या खोक्यावर जातो. दाते सिरॅमिकऐवजी पोलादाचे असावेत, कारण ते अधिक धारदार असल्याने दळण लवकर होते, आणि मधला दांडा दोन्ही टोकांना बेअरिंगवर बसवलेला असावा, नाहीतर तो डुगडुगतो आणि दळण पुन्हा असमान येते. राहिला प्रश्न मनगटांचा : तो ग्राइंडर आपण स्वतः फिरवावा, हे त्याचे साधे उत्तर आहे. ते रोज जमणारे नसेल तर खर्चाची मर्यादा वाढवून कमी वेगाचा, शंकूच्या दात्यांचा विजेचा ग्राइंडर घ्यावा. परदेशातल्या नातेवाइकांकरवी मागवण्याचा मोह झाला, तर तो २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर चालतो ना, आणि दाते झिजल्यावर सुटे भाग इथे मिळतील ना, हे आधी विचारावे. अमेरिकेतले यंत्र तिथल्या ११० ते १२० व्होल्टच्या विजेसाठी बनवलेले असते.

दळण किती बारीक असावे, हे स्वयंपाकघरातल्या रव्यावरून ठरवता येते. फ्रेंच प्रेसला जाड रव्यासारखे दळण लागते, तर आपल्या फिल्टरला बारीक रव्याहूनही थोडे बारीक. एस्प्रेसोसाठी त्याहून खूप बारीक आणि फार काटेकोर दळण लागते. त्यासाठी बनवलेले महागडे ग्राइंडर आपल्याला नकोत. फट पूर्ण बंद करून तिथपासून ती वाढवताना होणारी टिकटिक मोजावी आणि आकडा लिहून ठेवावा, म्हणजे मुलगी येऊन गेल्यावर पुन्हा शोधाशोध होत नाही. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन उतरले तर जमले. रेंगाळले तर एक-दोन टिकटिक भरड करावे, भरकन उतरले तर बारीक. पूड फिल्टरमध्ये दाबून भरण्याची सवय असेल तर तीही बेताची ठेवावी, कारण तिने हा सगळा हिशोब बिघडतो. विजेच्या यंत्रात दळण बारीक करायचे असेल, तर ते चालू असतानाच फट कमी करावी, नाहीतर आत अडकलेल्या बियांमुळे दाते जाम होतात.

सुट्या बिया ताटात पसरून निवडाव्यात. एखादा खडा आत गेला तर दाते कायमचे खराब होतात. पावसाळ्यात बिया ग्राइंडरमध्ये भरून ठेवू नयेत, लागतील तेवढ्याच हवाबंद डब्यातून काढाव्यात. थंडीच्या कोरड्या हवेत पूड स्थितिक विजेमुळे भांड्याला चिकटू लागली, तर दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एखादा थेंब चोळावा. हा उपाय कॉफीवाल्यांना आधीपासून ठाऊक होता. ओलाव्याने ही वीज कमी होते, हे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगांनी दाखवले.

प्रश्न : याच ग्राइंडरमध्ये मिरी, दालचिनी आणि हळकुंडे दळता येतील काय?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. मसाल्याचे तेल दात्यांच्या खाचांत बसते आणि त्याचा वास कॉफीला दीर्घकाळ येत राहतो; हळकुंड तर इतके कठीण असते की त्याने दातेच मोडू शकतात. वास घालवण्यासाठी कच्चे तांदूळ दळण्याचा उपायही करू नये, कारण त्याने दाते आणि मोटर या दोहोंवर ताण येतो. सफाईला कोरडा ब्रश पुरतो. पोलादी दात्यांना, बनवणाऱ्याने तसे सांगितले नसेल तर, पाणी लावू नये.