हेवूड काउंटीत यूएसडीएचं कर्ज : आधी रस्त्याचा कागद बघा

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या हेवूड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), फाइन्स क्रीकच्या बाजूला डोंगरावरचं घर पसंत पडलंय, यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, हमीचं कर्ज घेताय, प्रीअप्रूव्हल (कर्जाची प्राथमिक मंजुरी) हातात आहे, आणि रस्ता खासगी आहे म्हटल्यावर लेंडर, म्हणजे कर्ज देणारा, म्हणाला, "ते क्लोजिंगच्या वेळी बघू," म्हणजे शेवटी खरेदी पुरी करताना. हे शेवटचं वाचलं आणि राहवेना. आम्हालाही हेच ऐकवलं होतं.

शून्य डाउन पेमेंट, १ टक्का हमी शुल्क, दरवर्षीचे ०.३५ टक्के, उत्पन्नाची मर्यादा हे तुम्ही वाचलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, लोन ऑफिसरही नाही. नियम बदलतात, तेव्हा माझं ऐका पण खात्री स्वतः करून घ्या.

आधी एक गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनात काउंटी रस्ते सांभाळतच नाही. रस्ता राज्याचा असतो, गावाच्या हद्दीत असेल तर गावाचा, नाहीतर खासगी. डोंगरात तिसऱ्या प्रकारचे भरपूर. आमच्या घराकडे जाणारी खडीची वाट शेजाऱ्यांच्या जमिनीतून वर येते. पिढ्यान् पिढ्या सगळे तिथूनच ये-जा करत होते, पण त्या वहिवाटीची नोंद कुठल्याच दस्तात नव्हती. गावाकडे पाणंद रस्त्यावरून कोर्टकज्जे पाहिलेल्यांना यातली मेख लगेच कळेल.

आमच्या लेंडरच्या ऑफिसकडे ही माहिती पहिल्या दिवसापासून होती. जाहिरातीतच 'खासगी खडीचा रस्ता' असं लिहिलेलं. मी ईमेलवर स्पष्ट विचारलं, यूएसडीएला हा रस्ता चालेल का? उत्तर एकच, काळजी करू नका. अप्रेझल (घराचं मूल्यांकन) झालं, ड्यू डिलिजन्सची, म्हणजे घर तपासून माघार घेता येण्याची, मुदत संपली, आणि मग अंडररायटरने (लेंडरकडे फाइल तपासून मंजुरी देणाऱ्याने) मागणी केली : वहिवाटीचा कायमचा हक्क नोंदवलेला हवा, आणि रस्त्याची देखभाल कोण करणार याचा लेखी करारही. इथल्या पद्धतीत ड्यू डिलिजन्सची फी थेट विकणाऱ्याच्या खिशात जाते आणि सहसा परत मिळत नाही. मुदत उलटल्यावर माघार घेतली तर अर्नेस्ट मनी, म्हणजे इसाराची रक्कमही जाते. व्याजदराचं लॉक (ठरलेला दर टिकण्याची मुदत) संपलं, ते वाढवायचे पैसे आमच्याच माथी. तोवर त्या ऑफिसातला माणूस बदलला होता, नवीन माणूस फोन उचलत नव्हता, आणि "हे आधी का नाही सांगितलं?" या प्रश्नाला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही. दोन पगारांतून साठवलेले पैसे असे जाताना बघणं सोपं नसतं. मला त्याचा अजूनही राग आहे.

म्हणून माझं ठाम मत : ऑफर देण्याआधी क्लोजिंगचा वकील गाठा. इथे क्लोजिंग वकीलच करतो, टायटल, म्हणजे मालकीचे कागदही तोच तपासतो, मग त्याला शेवटी कशाला बोलवायचं? आधी रस्त्याचे कागद काढायला सांगा. आणि लेंडरला सरळ विचारा, गेल्या वर्षात खासगी रस्त्यावरची यूएसडीएची किती कर्जं पूर्ण केलीत? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा लेंडर बघा. लेंडरने मंजुरी दिली तरी फाइल पुढे यूएसडीएच्या रूरल डेव्हलपमेंट विभागाकडे जाते आणि त्यांच्या कमिटमेंटशिवाय (हमीच्या लेखी होकाराशिवाय) क्लोजिंग होत नाही. तो वेळ करारात धराच. सरकारचं शटडाउन (खर्चाची मंजुरी नसल्याने सरकारी काम बंद) आलं तर तेही काम थांबतं.

आता शेजारी. आम्हाला शेवटी त्यांनीच तारलं. पण वाटेवरच्या आजोबांकडे एजंट आधी कागद घेऊन गेला आणि ते दुखावले. "तुम्हाला अडवलंय कोणी?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घराण्यात शब्द दिला की झालं, त्यावर सही मागणं म्हणजे अविश्वास. आम्ही दोघं स्वतः गेलो, ओसरीवर बसलो, बँकेची अडचण सांगितली, त्यांच्या गाईंचं ऐकलं. पुढे त्यांनी काउंटीच्या मुख्य गावी, वेन्सव्हिलला येऊन सही केली. हेलीन चक्रीवादळाच्या वेळी, सप्टेंबर २०२४ मध्ये, आमची वाट पडलेल्या झाडांनी बंद झाली तेव्हा ट्रॅक्टर आणि करवत घेऊन हेच आजोबा आणि त्यांचा नातू आधी आले. तेव्हा कृपा करून कागदाआधी माणसांना भेटा. बाहेरून येऊन घरांचे भाव चढवणाऱ्यांबद्दल इथे मनात सल आहे, आणि २०२३ मध्ये याच काउंटीतल्या कँटन गावची शंभर वर्षांहून जुनी कागद गिरणी बंद पडल्यापासून तो वाढला आहे असं मला वाटतं. आपण राहायला आलोय हे त्यांना दिसू द्या.

पाण्याचं थोडक्यात. या काउंटीत बाहेरून एकही नदी येत नाही, सगळं पाणी इथल्याच डोंगरांवर पडतं आणि झपाट्याने खाली उतरतं. पिजन नदीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा हेलीनमध्ये कँटन बुडवलं. ओढ्याकाठचं घर कितीही गोड दिसू दे, आधी पूरनकाशा बघा. पिण्याचं पाणी बोअरचं असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल लागतोच, झऱ्याचं असेल तर लेंडरशी आधीच बोला.

सेप्टिकचं (घराच्या सांडपाण्याच्या टाकीचं) परमिट काउंटीच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाकडून मागवा आणि त्यावर किती बेडरूम लिहिल्यात ते बघा. जाहिरातीत तीन आणि परमिटवर दोन, असं सर्रास सापडतं.

आणि तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून विचारते, ग्रीन कार्ड आहे ना? एच-१बी वर हे कर्ज मिळत नाही. सासूबाई-सासरे तुमच्याजवळच राहणार असतील तर त्यांचं उत्पन्नही मर्यादेत धरलं जातं, कर्जावर त्यांचं नाव नसलं तरी. हे लेंडरला आजच सांगा.