लादी पुसली, साबण तिथंच

या खेपेच्या टपालात निम्मी पत्रं पाय घसरल्याचीच आहेत. जुलै आहे, नवल नाही. मी मुंबईत ३१ वर्षं हाउसकीपिंग केलं. आधी हॉटेल, मग हॉस्पिटल, शेवटी ऑफिसांच्या इमारती. तेव्हा सांगते ते लादीवर गुडघे टेकून शिकलेलं आहे. तीन पत्रं घेते.

प्रश्न : ताई, मी मरोळच्या एका ऑफिस बिल्डिंगमध्ये हाउसकीपिंग सुपरवायझर आहे, वय २४. लॉबीत चकचकीत व्हिट्रिफाइड लादी आहे. पाऊस सुरू झाल्यापासून दर अर्ध्या तासाला ओला मॉप मारतो, पिवळे बोर्ड कायम लावलेले असतात. तरी तीन जण पडले. ॲडमिनचे साहेब म्हणतात, केमिकल वाढवा आणि मॉप मारणाऱ्या मावशींना मेमो द्या. काय करू?

उत्तर : मेमो देऊ नकोस. मावशी तू सांगितलंस तेच करतायत, आणि गडबड त्या सांगण्यातच आहे.

आज रात्री लॉबी रिकामी झाली, लादी खडखडीत वाळली की दारापासून चार पावलांवर खाली बस. वाटीभर साधं पाणी ओत आणि तळहाताने घास. फेस आला किंवा हाताला बुळबुळीत लागलं तर तुझी माणसं नुसत्या पाण्यावरून नाही, साबणावरून पडतायत. केमिकल मळ सोडवतं. पण सुटलेला मळ आणि केमिकल दोन्ही उचललं नाही, तर पाणी उडून जातं आणि पातळ थर लादीवर वाळून बसतो. कोरडा असेतो पत्ता लागत नाही. सकाळची पहिली छत्री त्यावर गळली की तो जागा होतो. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे जे काही टाकाल ते वरच्या वर राहतं. त्यात साहेबांचं ऐकून आणखी केमिकल ओतलंस, तर पुढचे पडणारे कदाचित साहेबच.

हे मी भोगून सांगते. १९९४ साली एका मोठ्या हॉटेलात (नाव नको) नाइट शिफ्टला होते. सकाळी कुणी बडे पाहुणे येणार, लॉबीत छान वास यावा, म्हणून हौसेनं मी बादलीत दुप्पट केमिकल ओतलं. लॉबी अशी घमघमली! पहाटे साडेपाचला बॅगा घेऊन आलेला बेलबॉय रिसेप्शनसमोर आडवा, मनगट मोडलं. रिपोर्टात लिहिलं गेलं, ‘चालताना लक्ष नव्हतं.’ खाली सही माझी होती.

तेव्हा आधी माप. डब्यावर लिटरमागे २० मिली लिहिलं असेल तर १० लिटरच्या बादलीला २०० मिली, आणि तेही मापाच्या कपाने. झाकणाच्या अंदाजावर जाऊ नकोस. बादल्या दोन ठेव, एक केमिकलची, एक मॉप खळबळायला साध्या पाण्याची. दुसरीचा तळ दिसेनासा झाला की पाणी फेकायचं. इतके दिवस साचलेला थर मॉपने जाणार नाही. एका रात्री सिंगल डिस्क मशिनने (गोल ब्रश फिरवून लादी घासणारं) घासून घे, पाणी ओढणाऱ्या वेट व्हॅक्यूमने ओढ, मग दोनदा साधं पाणी.

मग वेळ. साडेनऊला मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरलेली गर्दी तुझ्या दारात, आणि तुझा ओला मॉपही त्याच वेळी! गर्दीत ओला मॉप बंद. दाराशी एक माणूस वायपर आणि घट्ट पिळलेला मायक्रोफायबर मॉप घेऊन उभा राहू दे. त्याचं काम एकच, पाणी उचलणं. ओलं पुसायचंच असेल तेव्हा लॉबीची अर्धी रुंदी आधी घ्यायची, ती वाळली की उरलेली. येणाऱ्याला एक कोरडी वाट मिळालीच पाहिजे. आणि बोर्ड चोवीस तास उभा असला की त्याची कुंडी होते, लोक वळसा घालून जातात, वाचत कुणी नाही. ओलं आहे तेव्हा लाव, वाळलं की उचल.

दारातलं पायपुसणं केवढं आहे ते तू लिहिलंच नाहीस. घरच्यासारखं दोन पावलांचं असेल तर शोभेचं आहे. दोन्ही पाय निदान तीन-तीनदा पडतील इतकं लांब हवं, म्हणजे चारेक मीटर. बाहेर चिखल खरवडणारं, आत पाणी शोषणारं, आणि आतलं चिंब झालं की बदलायला दुसरा जोड. खोक्यांचे पुठ्ठे मात्र पसरू नका. भिजलेला पुठ्ठा माणसासकट सरकतो. गोणपाटाची कड उचलली जाते, त्यात पाय अडकतो. अंधेरीपासून फोर्टपर्यंत जाल तिथे पावसात हेच दिसतं, आणि मला दर वेळी ते उचलून बाहेर ठेवावंसं वाटतं. (दोनदा ठेवलंही आहे.)

आणखी एक. कुणी मॉप न मारता लादी ओलसर दिसली तर छताकडे बघू नकोस. दार उघडं राहिलं की बाहेरच्या दमट हवेने एसीतल्या गार लादीला घाम फुटतो. दार मिटेल असं करा.

पडलेल्या तिघांची जागा, वेळ, पायात काय होतं, हे वहीत लिही आणि मला कळव.

प्रश्न : लालबागला आमची छोटी खानावळ आहे. किचनमध्ये कोटा लादी. तळणाच्या कढईपाशी कायम बुळबुळीत असतं. आमचा माणूस आठवड्यातून एकदा ॲसिड टाकून घासतो, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. लादीच बदलावी म्हणतो. कोणती घ्यावी?

उत्तर : ॲसिड आजच बंद करा. कोटा हा चुनखडीचा दगड. ॲसिड पडल्यावर फसफसते ती तुमची लादी, मळ नव्हे. वरचा थर खाल्ला गेला की खरखरीत होतो, म्हणून दोन दिवस पकड मिळते. मग त्याच बारीक खड्ड्यांत तेल मुरतं. आणि ॲसिडच्या जोडीला कुणी ब्लीचिंग टाकलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद किचनमध्ये ते जिवावर बेतेल.

तेलाला अल्कलीचं डिग्रीझर, म्हणजे तेलाचा चिकटा सोडवणारं केमिकल लागतं. रात्री कढई उतरली की सांडलेलं तेल आधी कागदाने किंवा लाकडाच्या भुशाने टिपून कचऱ्यात टाका, मोरीत नाही. मग हातमोजे घालून, डब्यावरच्या मापाने डिग्रीझर कोमट पाण्यात कालवून लादीवर पसरा आणि दहा मिनिटं राहू द्या, वाळू मात्र देऊ नका. ताठ ब्रशने घासा, सांधे विशेष, सगळं वायपरने मोरीकडे ओढा, साधं पाणी टाकून पुन्हा ओढा. मॉप अजिबात नको. तेलकट मॉप म्हणजे कढईपाशीचं तेल गल्ल्यापर्यंत पोचवायची सोय.

नवी लादी घ्यायचीच तर दुकानदाराला ‘आर’चा आकडा विचारा. तो ९ ते १३ असतो. तेल लावलेल्या फळीवर बूट घातलेल्या माणसाला चालवतात, फळी हळूहळू तिरकी करत नेतात आणि पाय कुठे सुटतो ते मोजतात, त्यावरून हा आकडा येतो. ‘अँटिस्किड आहे साहेब’ म्हणून ९ दाखवतील. ती सगळ्यांत खालची पायरी, कढईपाशी तिचा उपयोग नाही. निदान ११ मागा, जमलं तर १२. घासायला ती जड जाते, हे तुमच्या माणसाला आधीच सांगा. पण पैसे मोजण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा. ते मोरीकडे न जाता कढईखाली साचत असेल तर दोष उताराचा आहे.

प्रश्न : माझी आई एका मॉलमध्ये कंत्राटदारातर्फे लादी पुसते. दोन आठवड्यांपूर्वी तिनेच पुसलेल्या जागेवर पडली. हाताचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. कंत्राटदार म्हणतो, ‘लादी तिनेच ओली केली, चूक तिची,’ आणि पगार कापतोय. आम्ही कुर्ल्याला राहतो, वकील परवडणार नाही.

उत्तर : पोरी, लादी ओली करणं हेच तर आईचं काम. ते करताना लागलं म्हणजे कामावरची दुखापत झाली. कारखान्यांच्या १९४८ सालच्या कायद्यातलं ३२वं कलम मी ट्रेनिंगमध्ये वाचून दाखवायची : पाय घसरेल असं काही जमिनीवर राहू द्यायचं नाही, आणि ते बघायचं मालकाने. मॉल म्हणजे कारखाना नव्हे, आणि २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, पण तुझ्या कंत्राटदाराला ते वाचायला द्यायला हरकत नाही.

आता कामाचं. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेची कपात दिसते का बघ. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ती योजना आहे. कपात होत असेल तर कामावरच्या दुखापतीत, डॉक्टर काम बंद ठेवायला सांगतील तितके दिवस, पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. वर्गणी किती महिने भरली याची अट इथे नाही. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि कंत्राटदाराचा अपघात रिपोर्ट लागेल. रिपोर्ट तोंडी मागू नकोस. व्हॉट्सॲपवर माग, तारीख राहते. कपातच नसेल तर कामगार खात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो, आणि नुसतं ‘तिचं लक्ष नव्हतं’ म्हणून भरपाई अडत नाही. दारू पिऊन किंवा नियम मुद्दाम मोडून पडली असती तर गोष्ट वेगळी.

पुसायची रीत आईला कुणी शिकवली का, तेही विचार. मागे मागे सरकत पुसायचं, पाय कायम कोरड्यावर. घाईघाईत ‘पुढून घ्या, पुढून घ्या’ असं सांगणारे सुपरवायझर मी पाहिलेत. आणि त्या दिवशी तिच्या पायात काय होतं? युनिफॉर्म देतात, टोपी देतात, बूट देत नाहीत. बायका घरच्या प्लॅस्टिकच्या चपलेवर दिवस काढतात. चप्पल उलटी करून बघ. टाचेखालच्या रेघा झिजून सपाट झाल्या असतील तर फेकू नकोस. फोटो काढ आणि अर्जाला जोड.